हुकूमनामा मिळाला, पण सामनेवाला म्हणतो ‘माझ्या नावावर काहीच नाही’. ऑनलाइन शोध कसा घ्यायचा?

तुमचा प्रश्न असा: कोर्टाचा वसुलीचा हुकूमनामा हातात आहे, दरखास्त, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, लावली आहे, आणि सामनेवाल्याने हात वर केलेत. मग बसल्या जागी, कायद्यात राहून, त्याची मालमत्ता कशी शोधायची?

लॅपटॉप नंतर उघडा, आधी अशिलाची पिशवी उघडा. जुनी बिलं, चेकच्या झेरॉक्स, डिलिव्हरी चलनं, व्हिजिटिंग कार्ड, सगळं टेबलावर ओता. नवीन वकील थेट गूगलवर नाव टाकतात आणि दोन तास भरकटतात. नाव फसवतं. चौधरी हे एकच आडनाव रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि सरकारी पोर्टलला त्यातली एकच तऱ्हा माहीत असते. म्हणून आधी नंबर शोधा.

सगळ्यात कामाचा नंबर म्हणजे बिलावरचा जीएसटी क्रमांक. पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्र असेल तर 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे सरळ त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन! त्या पॅनचं चौथं अक्षर पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी, एच असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब. एवढं तर पोर्टल न उघडताच कळतं. मग जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधायची सोय आहे, त्या पॅनवर कुठल्या राज्यात किती नोंदण्या आहेत ते दिसतं.

माझ्याकडे सळई-सिमेंटच्या एका व्यापाऱ्याची दरखास्त होती. सामनेवाला छोटा ठेकेदार. ‘धंदा बुडाला’ हे त्याचं पालुपद. महाराष्ट्रातली नोंदणी खरंच रद्द झालेली होती, पण त्याच पॅनवर 29 ने सुरू होणारी, म्हणजे कर्नाटकातली, दुसरी नोंदणी चालू होती. धंदा बुडाला नव्हता, सीमा ओलांडून गेला होता.

तरी जप्तीला काहीतरी ठोस लागतंच. मग ई-कोर्ट्सवर, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या सरकारी पोर्टलवर, पक्षकाराच्या नावाने शोध सुरू केला. हे काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. एकेक कोर्ट निवडायचं, एकेक वर्ष टाकायचं, कॅप्चा भरायचा, स्पेलिंग बदलायचं, पुन्हा कॅप्चा. तिसऱ्या स्पेलिंगला शेजारच्या जिल्ह्यातल्या तालुका कोर्टात सापडला, आणि तोही वादी म्हणून! भावांविरुद्ध वाटपाचा दावा लावून वडिलोपार्जित जमिनीत चौथा हिस्सा मागत होता. मनाई अर्जावरच्या आदेशाची पीडीएफ तिथेच होती, त्यात गाव आणि गट नंबर.

पुढचं सोपं. महाभूलेख या सातबाराच्या सरकारी पोर्टलवर तो गट टाकला. वारस फेरफाराने त्याचं नाव लागलेलं, इतर अधिकाराच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा. नुसता पाहायचा सातबारा माहितीपुरता असतो, कोर्टात तो लावू नका. 15 रुपये भरून डिजिटल सही असलेला काढा. गाव माहीत असेल तर महाभूलेखवर नावानेही शोधता येतं, आठ-अ वर त्या गावातलं पूर्ण खातं दिसतं. शहरातल्या फ्लॅट-दुकानांसाठी नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर सूची दोन, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, बघा.

आता पत्ते कधी उघडायचे ते. सगळं सापडल्यावर लगेच जप्तीचा अर्ज टाकायची खाज सुटते. मी आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21, नियम 41 खाली त्याच्याकडून मालमत्तेचं शपथपत्र मागवलं. त्यात त्याने जमीन लिहिली नाही. मग मी त्याच्याच वाटपाच्या दाव्याची नक्कल पुढे ठेवली. अविभक्त हिस्सा जप्त झाला तेव्हा त्याच्या वकिलांकडे बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. मात्र शपथपत्र येईपर्यंत हिस्सा विकला जाईल अशी धाकधूक असेल, तर थांबू नका, जप्ती आधी.

समोर कंपनी असेल तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालकांची नावं आणि चार्जेसची यादी, म्हणजे कुठल्या बँकेचं कर्ज कशावर, फुकट दिसते. बिल्डर असेल तर महारेरावर प्रकल्पाचं पान. आणि सामनेवाल्याने कधी विधानसभेला अर्ज भरला असेल तर लॉटरीच लागली समजा. उमेदवाराचं मालमत्तेचं शपथपत्र जाहीर असतं.

पुराव्याचं मात्र हलक्यात घेऊ नका. एकदा मी सामनेवाल्याच्या वेबसाइटवरचा ‘आमची नवीन फॅक्टरी’ हा फोटो मोबाइलवर स्क्रीनशॉट काढून ठेवला. पानाचा वेबपत्ता अर्धवट कापलेला, तारीख नाही. नोटीस पोचल्यावर आठवड्यात ते पान गायब झालं. वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, जुनी प्रत निघाली म्हणून वाचले. तेव्हापासून पान दिसलं की त्याच क्षणी वेबॅकवर जतन करते, पूर्ण वेबपत्त्यासह पीडीएफ काढते, फाइलची हॅश, म्हणजे फाइल बदलली तर लगेच बदलणारा तिचा डिजिटल ठसा, नोंदवते. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात भाग अ तुमचा आणि भाग ब तज्ज्ञाचा, आणि हॅशचा रकानाच आहे. प्रमाणपत्राशिवाय नुसती प्रिंट चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये खोतकर-गोरंट्याल प्रकरणात, म्हणजे आपल्या जालन्याच्याच निवडणूक वादात, जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65-बी बद्दल ठणकावून सांगितलंय.

खोटं प्रोफाइल काढून फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायची नाही. ‘ओळखीच्या माणसाकडून’ बँक स्टेटमेंट किंवा सीडीआर, म्हणजे फोन कॉलच्या नोंदी, मिळवायचे नाहीत. 2018 मध्ये ठाण्यात अशाच सीडीआरपायी खासगी गुप्तहेरांना अटक झाली होती. अशील फार आग्रह करतात. करू द्या.

आणि सापडलेला माणूस तोच आहे का, हे दोनदा बघा. सुरुवातीच्या काळात मी नाव आणि आडनाव जुळलं म्हणून एका गृहस्थांना नोटीस धाडली. ते निवृत्त शिक्षक निघाले, नोटीस घेऊन थेट ऑफिसात आले. शांतपणे खुर्चीत बसले, नोटिशीवर बोट ठेवून म्हणाले, “बाई, माझ्या वडिलांचं नाव तुम्ही चुकवलंय. बाकी शुद्धलेखन चांगलं आहे.”