ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन पाच दिवस अंताल्याला (तुर्कस्तान) जायचं आहे. दोघंही शाकाहारी. कसं आखू? कप्पाडोकिया जोडता येईल का?

कप्पाडोकियाचं आधी उरकतो: जोडू नका. नकाशात जवळ दिसतं, पण मध्ये टॉरसचे डोंगर आहेत आणि बसने आठ-नऊ तास सहज जातात. अंताल्याला रेल्वे नाहीच. पाचातले दोन दिवस रस्त्यावर जाणार, त्यात वाऱ्यामुळे तिथली प्रसिद्ध बलूनची सफर रद्द झाली तर आई-बाबा बोलणार काहीच नाहीत, पण जेवताना तुम्हाला कळेल. मी दोघांना घेऊन गेलो तेव्हा बाबा ७१ वर्षांचे होते आणि आईचा डावा गुडघा कुरकुरत होता. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

व्हिसा. भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा सरसकट मिळत नाही. अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एक) चालू व्हिसा किंवा तिथे राहण्याचा परवाना असेल तरच मिळतो, तोही एकदाच प्रवेशाचा आणि ३० दिवसांचा. लेकी-सुनेच्या बाळंतपणासाठी काढलेला आई-बाबांचा दहा वर्षांचा अमेरिकी व्हिसा इथे उपयोगी पडतो. अडकतो तो आपला. ज्याच्याकडे तो नाही त्याने व्हिसा केंद्रात कागद देऊन रीतसर व्हिसा घ्यायचा, आणि त्यासाठी भरपूर दिवस हातात ठेवायचे. हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या साइट जादा पैसे उकळतात. खरी ती, जिच्या पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट टीआर आहे.

मुंबईहून इस्तंबूल, तिथून अंताल्या सव्वा तासाच्या आसपास. इस्तंबूलला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला, दुसरा, सबिहा ग्योकचेन, आशियाच्या बाजूला. मी थोडे पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं काढली आणि पुढचं विमान दुसऱ्या विमानतळावरून आहे हे मुंबईत वेब चेक-इन करताना बघितलं. पहाटेची टॅक्सी, मागे दोघं चिडीचूप, पुढे मी मीटर बघतोय. वाचवले त्याच्या दुप्पट गेले. एकाच तिकिटावर दोन्ही विमानं घ्या, बॅगाही थेट येतात.

राहायचं कुठे? लाराच्या बाजूला सगळं-समाविष्ट रिसॉर्ट आहेत, बुफेमुळे शाकाहाऱ्यांची सोयही होते, पण तिथे राहिलात तर तुम्ही रिसॉर्ट बघून परत याल. मी जुन्या गावाच्या, कालेइचीच्या, कडेला राहा म्हणेन. अगदी आत नको. आतल्या गल्ल्या दगडी फरशांच्या, उताराच्या, काहींत टॅक्सी शिरत नाही, आणि बॅगेची चाकं त्या दगडांवर असा आवाज करतात की बाबांनी शेवटी ती उचलूनच घेतली. विमानतळावरून ट्राम आहे. इस्मेतपाशाला उतरलं की कालेइची चालत काही मिनिटांवर. आपलं कॉन्टॅक्टलेस कार्ड ट्रामला चालतं, फक्त त्यावर परदेशातला वापर निघण्याआधी सुरू करून ठेवा.

पहिल्या संध्याकाळी हेड्रियनचं द्वार. रोमन सम्राट इ.स. १३० मध्ये आला म्हणून बांधलेल्या तीन कमानी, आणि खाली काचेतून गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसतात. बाबा कमानी सोडून त्याच बघत बसले. बंदरावर उतरायला पायऱ्या खूप आहेत, पण वरच्या चौकाजवळून खाली जायला काचेची लिफ्ट आहे आणि ती फुकट आहे. आधी कळलं असतं तर आईचा एक दिवस वाचला असता. खालून होड्या द्यूदेनच्या खालच्या धबधब्यापर्यंत नेतात. तो कड्यावरून थेट समुद्रात पडतो. होडी लागत असेल तर केएल ०८ नंबरची बस कड्यावरच्या बागेपर्यंत जाते.

प्राचीन शहर दिवसाला एकच. पेर्गे सपाट आहे, खांबांच्या रस्त्याच्या मधोमध पाण्याचा दगडी पाट आहे, पण सावली जवळपास नाही, म्हणून सकाळीच जा. एक्स्पोच्या दिशेची ट्राम घेऊन अक्सूला उतरायचं, तिथून दोनेक किलोमीटर; आई-बाबांसाठी टॅक्सी करा. आस्पेन्दोसचं दुसऱ्या शतकातलं नाट्यगृह अजून इतकं धड आहे की नाट्यगृह म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. त्यासाठी अर्धा दिवस गाडी ठरवा. तेर्मेसोस सुंदर, पण चढ आहे. ते पुढच्या वेळी मित्रांबरोबर.

आता खाणं, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. 'एत येमियोरुझ' म्हणजे आम्ही मांस खात नाही. पाठ करा, पण पुरत नाही, कारण कोंबडीला तिथे बरेच जण 'एत' धरत नाहीत. तिचं नाव तावुक, तेही घ्या. मर्जिमेक चोर्बासी म्हणजे मसुराचं सूप, लिंबू पिळून. आईने पहिल्या घोटाला 'वरणच की' म्हणून निकाल दिला. पण ते कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा 'एत सुयू?' असं विचारून घ्या. अंताल्याचा पियाज म्हणजे पांढऱ्या घेवड्याची तिळाच्या ताहिनीतली कोशिंबीर, वर उकडलेलं अंडं असतं, ते नको म्हणून सांगायचं. आणि गोझलेमे: बाई बोटाएवढ्या जाड, हातभर लांब लाटण्याने पारदर्शक पोळी लाटते, बटाटा किंवा पालक-पनीर भरून घडी घालते आणि फुगीर तव्यावर टाकते. आई तिच्यासमोर दहा मिनिटं उभी. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, तरी शेवटी लाटणं आईच्या हातात होतं. पनीरला 'पेयनिर' म्हणतात, आणि बिल मागायचं तर 'हेसाप', म्हणजे आपला हिशेबच.

तुर्कस्तानातली महागाई बघता जुन्या ब्लॉगांतले लिरातले भाव सोडून द्या. हवा म्हणाल तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात समुद्र पोहण्याइतका उबदार असतो, महिनाअखेरीला पाऊस डोकं वर काढू लागतो. २९ ऑक्टोबर त्यांचा प्रजासत्ताक दिन, तेव्हा हॉटेलं भरतात. जमल्यास १० ते २० च्या मधले पाच दिवस धरा. समुद्रात उतरायचं तर कोन्याआल्तीच्या किनाऱ्यावर गोटे आहेत, आई-बाबांसाठी पाण्यात घालायचे रबरी बूट इथूनच न्या.