पावसाळी मासेमारीबंदीच्या काळातही ‘मासळी कुठे मिळेल’ हे एआय बिनदिक्कत सांगतं. दोष कोणाचा?

दोष माणसांचाच, पण सगळ्यांचा सारखा नाही. असं एआय मॉडेल, म्हणजे उत्तरं देणारी संगणकप्रणाली, आधी माणसांनी लिहिलेल्या प्रचंड मजकुरावर शिकतं, आणि मग माणसं दोन उत्तरांतलं बरं कोणतं ते निवडतात त्यावरून. ओपनएआय या कंपनीच्या २०२२ मधल्या इन्स्ट्रक्टजीपीटी या मॉडेलसाठी ही निवड करणारे साधारण ४० जण होते. निवडणाऱ्यांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला का ओढून ठेवतात, पावसात मासळी अंडी घालते, बारीक आसाचं (छिद्रांचं) जाळं पिल्लंही ओरबाडून आणतं, हे जाणणारं कोणी नसेल तर मॉडेलला ते कुठून कळणार? हर्णैच्या बंदरावर पोराटोरांना ठाऊक असलेलं शहाणपण लिखित मराठीत फारच थोडं आहे, आणि मला तीच मोठी उणीव वाटते. युनेस्कोची एआयच्या नीतिमत्तेबद्दलची नोव्हेंबर २०२१ ची शिफारसही अंतिम जबाबदारी यंत्रावर टाकत नाही, माणसांवर आणि संस्थांवरच ठेवते. एवढं मात्र खरं की कोणी मुद्दाम न शिकवलेलंही मॉडेल उचलतं, त्यामुळे प्रत्येक चुकीमागे कुणाचा हेतू असतोच असं नाही. न तपासता ते लोकांच्या हाती देणं हा मात्र कंपनीचा निर्णय. तुम्हाला मिळालेलं उत्तर चुकीचं म्हणून नक्की कळवा, कारणासकट.