मारहाणीचं कलम असताना नवा गुन्हा कशाला?

नव्या कायद्याच्या मसुद्याबद्दल तुमचे प्रश्न तीन आहेत. जोडीदाराच्या हिंसेसाठी मारहाण, धमकी, डांबून ठेवणं ही कलमं असताना ‘कोअर्सिव्ह कंट्रोल’, म्हणजे सततच्या दबावाने ताब्यात ठेवणं, हा वेगळा गुन्हा कशाला? केलाच, तर तो कोर्टात सिद्ध कसा होणार? आणि त्याचा गैरवापर झाला तर? पहिल्याचं उत्तर छोटं आहे, ते आधी उरकते.

बरीच वर्षं मी तक्रार द्यायला जाणाऱ्या बायकांच्या सोबतीला जाते. एकीने वही आणली होती, तारखेनिशी नोंदींची. ‘बूट लपवून ठेवले.’ ‘यायला उशीर झाला म्हणून पहाटेपर्यंत झोपू दिलं नाही.’ ‘कार्ड काढून घेतलं.’ ‘आईचा फोन स्पीकरवरच घ्यायचा.’ असे सात महिने. तक्रार लिहून घेणाऱ्याने वही चाळली आणि विचारलं, “पण मारलं कधी?” मारलं नव्हतं. वही परत पिशवीत गेली. मी त्या माणसाला फारसा दोष देत नाही. त्याच्यापुढचा कागद एका तारखेची एक घटना मागत होता. वहीतली कुठलीही एक ओळ सुटी काढली तर तिच्यात गुन्हा दिसत नाही. सगळ्या ओळी एकत्र वाचल्या की दिसतो. समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांचं म्हणणं हेच होतं: ही सुट्या हल्ल्यांची मालिका नाही, माणसाचं स्वातंत्र्यच हिरावून घेणं आहे.

आता सिद्ध करण्याचं. इथे सगळा खेळ मसुद्यातल्या शब्दांचा आहे.

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्याने २००४ मध्येच आर्थिक आणि भावनिक छळ गुन्हा ठरवला. पण खटला भरायची मुदत सुरुवातीला सहा महिन्यांची! जी गोष्ट लक्षात यायलाच वर्ष जातं, तिच्यासाठी सहा महिने. २०१५ मध्ये ती मुदत एक वर्ष केली. त्याआधीच्या दहा वर्षांत या कलमांखाली खटले नावापुरतेच झाले.

इंग्लंड-वेल्सचा कायदा २०१५ चा, कमाल शिक्षा पाच वर्षं. तिथे पीडितेवर ‘गंभीर परिणाम’ झाला हे दाखवावं लागतं: एकतर किमान दोनदा हिंसेची भीती वाटली, किंवा इतकी धास्ती बसली की रोजचं जगणं बिघडलं. म्हणजे प्रश्नांची सरबत्ती तिच्यावरच. तुम्ही नोकरीला जात होतात ना? हसतानाचे फोटो आहेत ना? शिवाय मूळ कायद्यात वेगळं झालेलं जोडपं एकाच घरात राहत नसेल तर हे कलम लागतच नव्हतं. ती बाहेर पडते तोच काळ सगळ्यात धोक्याचा, आणि कायदा उंबरठ्यावरच थांबायचा. ही चूक दुरुस्त होऊन अमलात यायला एप्रिल २०२३ उजाडलं.

स्कॉटलंडचा २०१८ चा कायदा मला यात सर्वात शहाणा वाटतो. तिथे कोर्ट आरोपीच्या वागण्याकडे बघतं: समंजस माणसाला या वागण्याने शारीरिक किंवा मानसिक इजा होईल असं वाटलं असतं का? प्रत्यक्ष इजा दाखवायची गरज नाही. माजी जोडीदार पहिल्यापासून धरलेले, आणि शिक्षा चौदा वर्षांपर्यंत. उलट ऑस्ट्रेलियाच्याच न्यू साउथ वेल्स राज्यात, जिथे १ जुलै २०२४ पासून कायदा लागू आहे, ताब्यात ठेवण्याचा ‘हेतू’ होता हे सिद्ध करावं लागतं. ‘काळजीपोटी केलं’ म्हणणाऱ्याला तेवढी फट पुरते.

पुरावा नसतो, हे मात्र खरं नाही. बँकेचे तपशील, मेसेज, फोनमधलं लोकेशन, तिच्यापासून एकेक करून तोडलेल्या मैत्रिणी, सहकारी: असतो भरपूर, गोळा करणारा हवा.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून सांगते. मसुद्यात गळा दाबण्याचा वेगळा गुन्हा आहे का बघा. अनेकदा गळ्यावर वळ उठत नाहीत, त्यामुळे किरकोळ मारहाण म्हणून प्रकरण निघून जातं. २००८ च्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराने आधी गळा दाबलेल्या स्त्रियांचा पुढे खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त निघाला. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून हा स्वतंत्र गुन्हा आहे. मला एकच सुधारणा निवडायला सांगितली तर मी ही आधी मागेन. एकाच घटनेचा गुन्हा, म्हणून सततच्या दबावापेक्षा सिद्ध करायला सोपी, आणि जीव वाचवणारी.

गैरवापराचं विचारलंत. खोट्या तक्रारींपेक्षा मला उलटी भीती जास्त वाटते. अमेरिकेत अटक सक्तीची करणारे कायदे आले तेव्हा पोलीस दोघांनाही उचलू लागले, कारण प्रतिकार करताना तिनेही ओरबाडलेलं असायचं. मग काही राज्यांना ‘मुख्य आक्रमक कोण ते ठरवा’ अशी तरतूद घालावी लागली. नियंत्रणाच्या गुन्ह्यात तर तो शांतपणे बोलतो, ती रडते, आरडाओरडा करते. आणि पहिली तक्रार द्यायला तोच पोहोचलेला असतो.

तेव्हा तुमच्या मसुद्यावर हरकत पाठवणार असाल तर या चार जागा आधी वाचा: परिणाम तिच्यावर सिद्ध करायचा की वागणं त्याचं, माजी जोडीदार आहेत का, तक्रारीची मुदत किती, आणि दोघांनीही तक्रार दिली तर पोलिसांनी काय करायचं. चौथ्या जागी बहुतेक मसुदे गप्प असतात. तिथलं वाक्य तुम्हीच लिहून पाठवा.