सव्वाबाराशे एकरांचे बेट

प्रश्न: मागील अंकात आपण लिहिले होते की, पॅसिफिक महासागरातील तिकोपिया हे पॉलिनेशियन बेट जेमतेम ५ चौरस किलोमीटरचे असून तेथे सुमारे तीन हजार वर्षांपासून वस्ती आहे. आमच्या गावाचे शिवार त्याहून मोठे आहे, तरी लागोपाठ दोन वर्षे नापिकी झाली की तरुण मुले पुण्याची वाट धरतात. चहूकडे समुद्र असताना ही माणसे तगली कशी? आणि पॉलिनेशिया हा देश नेमका कोठे आहे?
– एक शेतकरी वाचक, समुद्रपूर तालुका, जि. वर्धा

उत्तर: शेवटचा प्रश्न आधी घेतो. पॉलिनेशिया हा देश नव्हे. हवाई, न्यूझीलंड आणि रापा नुई (ईस्टर बेट) ही तीन टोके जोडल्यास जो अफाट त्रिकोण होतो, त्यातील एकाच भाषाकुळाच्या बेटांना मिळून हे नाव आहे. तिकोपियाचे लोक पॉलिनेशियन असले तरी त्यांचे बेट या त्रिकोणाच्या बाहेर, पश्चिमेला, सॉलोमन बेटे या देशाच्या तेमोतू प्रांतात येते.

५ चौरस किलोमीटर म्हणजे आपल्या हिशेबाने सुमारे सव्वाबाराशे एकर. त्यातही रेआनी हा सुमारे ३८० मीटर उंचीचा डोंगर आणि ते रोतो हे सरोवर वजा करावे लागते, कारण हे बेट म्हणजे एका जुन्या ज्वालामुखीचा उरलेला भाग आहे. सर्वांत जवळचे वसलेले बेट अनुता हे शंभराहून अधिक किलोमीटर दूर आणि तिकोपियापेक्षाही लहान.

पॅट्रिक कर्च आणि डग्लस येन यांनी केलेल्या उत्खननातून असे दिसते की, ख्रिस्तपूर्व ९०० च्या सुमारास आलेल्या पहिल्या वसाहतकऱ्यांनी काही शहाणपण दाखवले नव्हते. त्यांनी रान जाळून शेती केली आणि पक्षी, कासवे, शिंपले यांवर ताव मारला. हा साठा हळूहळू आटला. आजचे ते रोतो सरोवर त्या काळी समुद्राला मिळालेली खाडी होते. वाळूच्या बांधाने तिचे तोंड पुढे बुजले आणि तिथली शिंपल्यांची पैदासही गेली. दरम्यान जाळून शेती करण्याची पद्धत मागे पडली आणि बेटभर झाडांची शेती उभी राहिली: वर नारळ व नीरफणस, त्यांच्या सावलीत लहान झाडे, जमिनीलगत अळू आणि कंद. कपाशीत तुरीचे तास घेणाऱ्या शेतकऱ्याला यातले तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको. हळदही तेथे होते. आपल्या तालुक्यातील वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे. तिकोपियात कंद किसून, पाण्यात गाळून, खाली बसलेला गाळ भट्टीत भाजून रंग तयार करीत आणि हे काम पूजाविधीइतकेच सोवळ्याने चाले.

१६०० च्या सुमारास या लोकांनी बेटावरील सर्व डुकरे नाहीशी केली. डुकरे बागा उकरतात आणि माणसाच्या तोंडचे खातात, असे त्याचे कारण परंपरेत सांगितले जाते. रानडुकरांच्या भीतीने रात्र रात्र मचाणावर काढणाऱ्या आपल्या भागातील वाचकांना हा निर्णय पटेल. मात्र ही डुकरे पाळीव होती आणि पॉलिनेशियात डुक्कर म्हणजे प्रतिष्ठा व मेजवानी, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते.

दुष्काळासाठीची तजवीज आपल्या आजोबांच्या ओळखीची आहे. आपल्याकडे ज्वारीची पेवे असत; तिकोपियात पानांनी मढवलेल्या खड्ड्यांत नीरफणसाचा गर आंबवून पुरतात आणि तो काही वर्षे टिकतो. वादळाने झाडे आडवी केली की हेच अन्न पोटाला आधार देते.

आता कटू भाग, जो कौतुकाच्या भरात बहुधा गाळला जातो. काफिका, ताफुआ, ताउमाको आणि फांगारेरे या चार कुळांचे चार प्रमुख, ज्यांना अरिकी म्हणतात, लोकसंख्या जमिनीला पेलेल इतकीच राहावी यासाठी आग्रही असत. १९२८-२९ मध्ये तेथे राहून अभ्यास करणाऱ्या रेमंड फर्थ यांनी नोंदवले आहे की, धाकट्या भावांनी अविवाहित राहणे, गर्भपात, क्वचित नवजात अर्भकाचा जीव घेणे आणि तरुणांनी परत येण्याची फारशी आशा नसताना होडी समुद्रात लोटणे, हे सर्व तेथे घडत असे. ख्रिस्ती मिशनच्या प्रभावाने या प्रथा मागे पडल्या. फर्थ यांच्या पहिल्या मुक्कामात बाराशेहून थोडी अधिक असलेली लोकसंख्या १९५२ मध्ये साडेसतराशेच्या आसपास पोहोचली, त्याच सुमारास चक्रीवादळे आली, दुष्काळ पडला आणि बाहेरून तांदूळ आणावा लागला. पुढे अनेक कुटुंबे त्याच देशातील रसेल बेटांवर व इतरत्र जाऊन वसली. तेव्हा, आपल्या प्रश्नातील पुण्याची वाट तिकोपियालाही चुकलेली नाही. फरक इतकाच की, कोण किती खाणार आणि कोण जाणार याचा विचार ते दुष्काळ पडण्याआधी करीत.

डिसेंबर २००२ मध्ये झोई हे अतितीव्र चक्रीवादळ थेट बेटावर आदळले. घरे आणि बागा उद्ध्वस्त झाल्या, समुद्राने वाळूचा बांध फोडून सरोवर खारे केले. तरीही लोक डोंगरातील कपारींत आश्रयाला गेल्यामुळे एकही जीव गेला नाही.

प्रश्न: इतक्या दूरच्या बेटावर पूर्वी कोणी भारतीय पोहोचला होता काय?
– एक शिक्षिका, आर्वी

उत्तर: होय. पीटर डिलन या दर्यावर्द्याने १८१३ मध्ये मार्टिन बुशार्ट या प्रशियन माणसाबरोबर जो नावाच्या एका लस्कराला, म्हणजे आपल्याकडील खलाशाला, तिकोपियावर उतरवले होते. १८२६ मध्ये डिलन परत आला तेव्हा तो खलाशी तेथेच होता आणि त्याच्याजवळ चांदीची तलवारीची मूठ होती. ती दोनशेहून अधिक किलोमीटरवरील वानिकोरो बेटावरून तिकोपियाच्या लोकांच्या होड्यांतून आलेली होती. १७८८ मध्ये बेपत्ता झालेल्या ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्द्याच्या जहाजांची ती खूण असावी, असे ओळखून डिलन कलकत्त्याला गेला, ईस्ट इंडिया कंपनीकडून ‘रिसर्च’ हे जहाज मिळवले आणि १८२७ मध्ये वानिकोरोच्या प्रवाळखडकांत त्याला जहाजफुटीचे अवशेष सापडले.