बाप्तिस्म्याच्या आधी एक फोन

प्रिय बाळा,

एक्स्चेंजच्या वर्षासाठी अमेरिकेत, युटामध्ये ज्या होस्ट घरी राहतोयस, त्यांच्या मॉर्मन चर्चमध्ये तुला बाप्तिस्मा घ्यायचाय, हे सांगणारं तुझं पत्र तीनदा वाचलं. ‘आईला सांगू नकोस हं मावशी’ ही ओळ अगदी शेवटी आहे, पण सगळं पत्र त्या एका ओळीसाठीच लिहिलंयस असं वाटलं. मी नाही सांगणार. सांगायचं ते तूच, आणि तेही पाण्यात उतरण्याआधी.

सतरा वर्षांची असताना मीही युटातल्या एका घरात दहा महिने राहिले, हे तुला ठाऊक आहे. मिशनऱ्यांबरोबर बसून मीसुद्धा बाप्तिस्म्याची तारीख ठरवली होती, हे मात्र तुझ्या आईलाही ठाऊक नाही. आज पहिल्यांदा कुणाला तरी लिहून कळवतेय.

त्या घरात सोमवारची संध्याकाळ घरच्यांची. टीव्ही बंद, सगळे एकत्र, धाकट्याने प्रार्थना म्हणायची, मग खेळ आणि काहीतरी गोड. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडायचं, आणि चर्चमध्ये ज्याला वाटेल त्याने उठून साक्ष द्यायची. माझ्याच वयाच्या मुली रडत रडत सांगायच्या, ‘हे खरं आहे, मला माहीत आहे.’ आमच्या वेळी रविवारचं चर्च एकूण तीन तास चालायचं, २०१९ पासून ते दोन तासांवर आलंय. एकदा मी तापाने पडले होते, तेव्हा होस्ट आईने जेवणाआधीच्या प्रार्थनेत माझं नाव घेतलं. इतक्या लांब, परक्या भाषेत, माझ्यासाठी कुणी काही मागतंय हे ऐकून मला हुंदका फुटला. त्यामुळे ‘छातीत ऊब दाटून आली’ असं तू लिहितोस, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ती ऊब खरीच आहे.

ती कशाची आहे, एवढंच तुला शोधायचं आहे. त्या घरात माया आणि श्रद्धा एकाच ताटात वाढली जाते. आपण पोटभर जेवतो, पण यातलं नेमकं कशाने पोट भरलं ते कळत नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर मला त्या घराची लेक व्हायचं होतं. बाप्तिस्मा होस्ट बाबांच्या हातून होणार होता. पांढरे कपडे, त्यांचा हात माझ्या पाठीशी, हेच चित्र डोळ्यांपुढे यायचं. त्या चित्रात या चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ कुठेच नव्हता.

म्हणून त्या माणसांनी जाळं टाकलं असं मात्र कधी समजू नकोस. कुटुंब मृत्यूनंतरही एकत्र राहतं, त्यांच्या चर्चच्या मंदिरात ते कायमचं जोडलं जातं, असं ते मनापासून मानतात. आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं ते तुझ्यापुढे ठेवताहेत. घाई त्यांच्यापेक्षा कॅलेंडरच जास्त करतं. जूनमध्ये परतायचं, म्हणून एप्रिलमध्ये उरकायचं. ही श्रद्धा खरी असेल, तर ती जुलैतही खरीच असणार ना?

मी बिशपना, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चच्या प्रमुखांना, भेटायला गेले. त्यांच्याकडे बिशप पगारी नसतो. आमचे बिशप आठवडाभर स्वतःची नोकरी करून वॉर्डचं, म्हणजे त्या भागातल्या मंडळीचं, सगळं बघायचे. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आईवडिलांशी बोललीस?’ मी खाली बघत बसले. अल्पवयीन मुलाचा बाप्तिस्मा पालकांच्या परवानगीशिवाय करायचा नाही, हा त्यांच्या चर्चचाच नियम आहे. होस्ट आईवडील कितीही माया करोत, इथे पालक म्हणजे तुझे जन्मदाते. बऱ्याच एक्स्चेंज संस्थाही त्या वर्षात आयुष्य बदलणारे निर्णय घेऊ देत नाहीत, आणि धर्मांतर हा त्यातलाच एक. तुझ्या संस्थेचं नियमपत्रक काढून नीट वाच. कोऑर्डिनेटरशी बोल. महिन्यातून एकदा तुझी विचारपूस करणं हे त्यांचं कामच आहे. माझ्या कोऑर्डिनेटरला माझ्या मनात काय चाललंय याचा पत्ताच नव्हता, कारण मी दर वेळी ‘सगळं छान’ एवढंच म्हणायचे. तू तसं करू नकोस.

आता तुला नेमकं काय विचारलं जाणार आहे ते बघ. बाप्तिस्म्याआधीच्या मुलाखतीत ही माणसं तुला आवडतात का, असं कुणी विचारत नाही. येशू ख्रिस्ताने आपलं चर्च जोसेफ स्मिथच्या हातून पुन्हा उभं केलं, तो देवाचा संदेष्टा होता, हे तू मानतोस का, असं विचारतात. चहा, कॉफी, दारू, तंबाखू सोडशील का? उत्पन्नाचा दहावा हिस्सा देशील का? लग्नाआधी शरीरसंबंध ठेवणार नाहीस ना? ही आयुष्यभराची वचनं आहेत. ज्या घरात चहाची पूडच नाही, तिथे चहा सोडणं सोपं असतं.

आणि वाच. मॉर्मनचं पुस्तक हा त्यांचा धर्मग्रंथ वाचच, पण त्यांचा इतिहासही वाच. चर्चची स्थापना १८३० सालची. १८४४ मध्ये कार्थेजच्या तुरुंगात जमावाने जोसेफ स्मिथला मारलं आणि १८४७ मध्ये त्याच्यानंतरचा नेता ब्रिगॅम यंग याच्याबरोबर लोक युटातल्या सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. एवढं तुला सेमिनरीत, म्हणजे शाळकरी मुलांच्या त्यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, सांगितलं असेलच. बहुपत्नीत्व होतं, आणि ते थांबवल्याची घोषणा १८९० मध्ये झाली. कृष्णवर्णीय पुरुषांना याजकपद मिळायला १९७८ उजाडावं लागलं. हे मी तुला बिचकवायला लिहीत नाही. यावर चर्चने स्वतःच सविस्तर निबंध प्रसिद्ध केले आहेत. ते वाच आणि होस्ट बाबांना मोकळेपणाने विचार. ज्या प्रश्नांची त्या घरात भीती वाटते, ते आधी विचार. (‘मॉर्मन’ म्हणण्याऐवजी ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ हे चर्चचं पूर्ण नाव घ्यावं, असं त्यांनी २०१८ मध्ये सांगितलं. बोलताना तेवढं भान ठेव.)

परत आल्यानंतरचाही विचार कर. भारतातलं त्यांचं पहिलं मंदिर बंगळुरूला बांधायचं, हे २०१८ मध्ये जाहीर झालं. म्हणजे इथे तू अगदी एकटा पडशील असं नाही, पण शाळेशेजारी सेमिनरी आणि रस्त्यावर दर चौथं घर आपल्या वॉर्डचं, असं इथे नसेल. शिवाय अठरा पूर्ण झालेल्या मुलाने दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जावं अशी अपेक्षा असते. तुझं कॉलेज नेमकं त्याच वर्षांत येतं. यावर तुझ्याशी कुणी बोललंय का?

कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नी लक्ष्मीबाईंना न सांगता. पुढे काही वर्षांनी त्या स्वतःही ख्रिस्ती झाल्या. म्हणजे वाट शेवटी एकच निघाली, पण मधली ती वर्षं दोघांनी वेगळी काढली. लक्ष्मीबाईंचं ते दुःख मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझा बिशपसमोरचा अर्धा तास आठवला. तुझ्या आईला धक्का बसेलच. पण तिला आधी विचारलंस तर ती तुझ्याशी भांडू तरी शकेल. सगळं झाल्यावर कळलं तर तेही तिच्या हातात राहणार नाही.

मी त्याच रात्री घरी फोन केला. बाबा कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘तिथे ठरवू नकोस. इथे ये, तसंच जगून बघ, मग मी अडवणार नाही.’ मला संताप आला होता. परत आल्यावर आठ महिने मी चहाला शिवले नाही, रोज गुडघे टेकून प्रार्थना केली. मग हळूहळू कळलं, की मी प्रार्थना करत नव्हते, त्या घराची आठवण काढत होते. तुझंही असंच होईल असं मी म्हणत नाही. तुझी श्रद्धा इथेही टिकेल कदाचित, आणि तसं झालं तर तुझ्या बाप्तिस्म्याला मी येईन. होस्ट आईची पत्रं मला अजून येतात. मी त्यांच्यातली झाले नाही, म्हणून तिने मला कधी दूर केलं नाही.

तुझ्याकडे शनिवारी रात्रीचे ९ वाजतात तेव्हा इथे रविवारची सकाळ, साडेआठ. आईबाबा दोघंही घरी असतात. सुरुवात ‘मी ठरवलंय’ अशी करू नकोस, ‘माझ्या मनात हे चाललंय’ असं म्हण. आई रडली तर फोन ठेवू नकोस. तिचं बोलून झालं की लगेच मला फोन कर, मी वाट बघतेय.

तुझी,
मावशी