आधी आखेन, मग युरोप

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जर्मनीतल्या आखेन शहरात वसतिगृहात खोली मिळाली, हे वाचून निम्मी काळजी मिटली. त्या पत्रातच पहिल्या सहा महिन्यांत पाहायच्या शहरांची यादी आहे. पॅरिसपासून प्रागपर्यंत एकही नाव तू सोडलेले नाहीस. ती पाहून तुला नाउमेद करण्याचा माझा हेतू नाही. या वयात फिरायचे नाही तर कधी? परंतु प्रवास अभ्यासाच्या वेळापत्रकात बसवावा लागतो आणि जर्मन विद्यापीठाचे वेळापत्रक आपल्याकडच्यापेक्षा पुष्कळच वेगळे असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हिवाळी सत्राची व्याख्याने ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन फेब्रुवारीच्या सुमारास संपतात आणि उन्हाळी सत्राची एप्रिल ते जुलै चालतात. मधल्या महिन्यांना तेथे ‘व्याख्यानमुक्त काळ’ म्हणतात. आपली मुले हा शब्द वाचून ‘सुट्टी’ असे समजतात आणि स्वस्तात मिळाली म्हणून विमानाची तिकिटे काढून बसतात, पण लेखी परीक्षा, प्रयोगशाळेचे अहवाल आणि प्रकल्पांच्या मुदती याच काळात येतात. शिवाय अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला म्हणजे परीक्षेला बसता येते असे नाही. प्रत्येक विषयाच्या परीक्षेसाठी मुदतीत वेगळी नोंदणी करावी लागते आणि बहुतेक ठिकाणी एका विषयासाठी तीनच संधी मिळतात. तेव्हा तारखा जाहीर होईपर्यंत रद्द न करता येणारे कोणतेही तिकीट काढू नकोस. दिवाळीत घरी येण्याचा विषयही काढू नकोस, कारण तेव्हा ऐन सत्र चालू असते. आईला मी समजावतो.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेकडे पत्त्याची नोंदणी, म्हणजे तुम्ही मुले म्हणता ते ‘आनमेल्डुंग’, करणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी घरमालकाने किंवा वसतिगृहाने सही केलेले प्रमाणपत्र लागते. बँक आणि निवास परवाना या दोहोंची वाट त्या एका कागदावरून जाते. व्हिसाची मुदत संपण्याच्या कितीतरी आधी परवान्यासाठी अर्ज कर, कारण परदेशी नागरिकांच्या कार्यालयात भेटीची वेळ सहजासहजी मिळत नाही. अर्ज प्रलंबित असताना जे तात्पुरते प्रमाणपत्र मिळते, त्यावर सीमा ओलांडता येते की नाही हे तोंडी ऐकीव माहितीवर न ठरवता त्याच कार्यालयाला लेखी विचारावे.

आखेनमध्ये हा प्रश्न रोजचाच आहे, कारण सीमा शहराला खेटून आहे. शहरबसने थोडे पुढे गेले की नेदरलँड्समधले व्हाल्स लागते. तेथे भाडे कमी असले तर राहायला जाण्याचा मोह होईल, आणि युरोपीय संघातले तुझे वर्गमित्र खुशाल जातीलही. पण तुझा परवाना जर्मनीचा आहे. त्यावर शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातील, इतर देशांत १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येते, तेथे घर करता येत नाही. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली, म्हणून संध्याकाळच्या फेरफटक्यालाही मूळ पासपोर्ट आणि परवान्याचे कार्ड जवळ असू दे. मोबाइलमधला फोटो पुरत नाही.

आता फिरण्याविषयी. माझे मत असे की पहिले सत्रभर तू आखेन आणि त्याच्या आसपास एका दिवसात जाऊन येता येईल तेवढाच टापू पाहावास. हा काही काटकसरीचा उपदेश नव्हे. तो टापूच तसा आहे. मध्ययुगीन सम्राट शार्लमेनने बांधलेले आणि त्याच्या दफनाचे स्थान असलेले कॅथेड्रल तुझ्या वर्गापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सन ९३६ पासून १५३१ पर्यंत जर्मन राजांचे राज्याभिषेक तेथे होत आणि युनेस्कोच्या १९७८ मधील पहिल्याच जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश झाला. आत गेल्यावर मान वर करून अष्टकोनी घुमटाकडे सावकाश बघ. जवळच एलिझेनब्रुनेन या मंडपाच्या खांबांखाली गरम झऱ्याचे पाणी वाहते आणि त्याला कुजक्या अंड्यासारखा गंधकाचा दर्प येतो. व्हाल्सच्या टेकडीवर तीन देशांच्या सीमा एकत्र येतात. आखेनहून मास्ट्रिक्टमार्गे बेल्जियममधील लिएजपर्यंत प्रादेशिक रेल्वे जाते. त्यातील मास्ट्रिक्टमध्ये १९९२ साली युरोपीय संघाचा करार झाला, तर लिएजचे वास्तुविशारद कालात्रावाने रचलेले स्थानक पाहण्यासाठी नुसते उतरले तरी चालेल.

अनेक विद्यापीठांत डॉइचलांड तिकीट, म्हणजे जर्मनीभर चालणारा प्रवासपास, सत्रशुल्कातच मिळते. तुझ्या शुल्कात ते आहे का, हे पाहा. ते देशभरातील शहरी वाहतुकीत आणि प्रादेशिक गाड्यांत चालते. आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चालत नाही. सीमेपलीकडे ते कोणत्या स्थानकापर्यंत चालते, हे दर वेळी तपासावे. तिकीट तपासनीस अनेकदा साध्या कपड्यांत असतात, दंड साधारण साठ युरोंचा असतो आणि ‘मी नवीन आहे’ हे कारण ते रोज ऐकतात. आणखी एक सांगतो. काही गाड्या वाटेत दुभागतात आणि पुढचे डबे एका गावाला, तर मागचे दुसऱ्याच गावाला जातात. गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरचे अ, ब, क विभाग आणि डब्याच्या दारावरची पाटी वाचली नाहीस, तर झोपेतून भलत्याच जंगलात जागी होशील.

जेवणाचे फार लिहीत नाही. तुर्की दुकानांत मसूर, छोले, जिरे सारे मिळते, फक्त कोथिंबिरीची जुडी घेताना पान चुरगाळून वास घे. दिसायला तशीच असलेली पार्स्ली घरी आणून आपल्या मुलांची आमटी अनेकदा बिघडते. रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारी बाजार उरकावा. मराठी मुलांशी मैत्री जरूर ठेव, गणपतीत मोदकही करा, पण अभ्यासगटात एक तरी जर्मन सोबती असू दे. बेकरीत आणि नगरपालिकेत इंग्रजीवर निभावून नेण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही.

लांबचा दौरा उन्हाळी सत्राच्या परीक्षा संपल्यावर कर. त्यासाठी युरोपभर रेल्वेने फिरण्याचा इंटररेलचा पास घ्यावा, युरेलचा नव्हे. युरेल युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी असतो आणि तू आता तेथील रहिवासी आहेस. २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर लागू होतो. या पासवर राहत्या देशात, म्हणजे तुझ्या बाबतीत जर्मनीत, बाहेर जाण्याचा एक आणि परत येण्याचा एक एवढाच प्रवास करता येतो. आखेनहून बाहेर पडायला फारसे अंतरच नाही, म्हणून जाताना बेल्जियममार्गे निघावे आणि परतीचा प्रवास म्युनिकच्या बाजूने आखावा, म्हणजे देशातला लांबचा टप्पा पासातच भागेल. फ्रान्समधील वेगवान गाड्यांना आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात, ते अंदाजपत्रकात धर. परीक्षांच्या तारखा लागल्या की कळव, मग मार्ग नक्की करू.

तुझा हितचिंतक,
सर