‘हर्पीस’ असं मोठ्यानं म्हण बघू

मी समुपदेशक. लग्नसराई जवळ आली की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. कुणी फोनवर विचारतं, तर कुणी सगळं बोलून झाल्यावर, चपला घालता घालता. "ओठावर सारखा ‘जर’ उठतो, पुळ्या येतात. मोबाइलवर शोधलं तर हर्पीस म्हणतात. मग मला तसला आजार आहे का?" आवाज खाली जातो तो नेमका ‘तसला’वर.

त्यातल्याच एकीची ही गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. तिला रेवती म्हणू.

रेवती भांडुपहून दादरला यायची, एप्रिलच्या घामात तोंडाला मास्क लावून. मी पाणी पुढे केलं, तर तिनं ग्लास हलकेच बाजूला सारला, पर्समधून स्वतःची बाटली काढली, मास्क बोटभर उचलला आणि प्यायली. लग्न पाच आठवड्यांवर आलेलं. वर्षातून तीन-चारदा खालच्या ओठाच्या डाव्या कडेला पाणीभरल्या पुळ्यांचा झुबका उठायचा. या खेपेला टूथपेस्ट लावून झाली, आईनं चुना लावला आणि औषधाच्या दुकानातून ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून एक मलमही आलं. त्यात स्टिरॉइड होतं. पुळ्या राहिल्या बाजूला, आजूबाजूची कातडीच भाजून निघाली.

"मॅडम, एकदाच झालं होतं," ती म्हणाली. कॉलेजातला एक मित्र, मरीन ड्राइव्हवरची एक संध्याकाळ, एक चुंबन. "त्याचीच शिक्षा आहे ही."

इथे मी चुकले. माहितीचा पाटच सोडला. हर्पीसचा हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच घरच्यांच्या लाळेतून मिळतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे 380 कोटी लोकांत, म्हणजे 64 टक्क्यांत तो आहे; अनेकांना आयुष्यात एक पुळीही येत नाही. ती "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली आणि पुढच्या वेळी पुन्हा मास्क लावून आली. माहिती खरीच होती. पण ती आजाराबद्दल विचारतच नव्हती, ती स्वतःबद्दल विचारत होती. मी विवेकनिष्ठ मानसोपचाराच्या वळणाची. पुळीपेक्षा पुळीला आपण काय म्हणतो ते माणसाला जास्त छळतं, हे मीच इतरांना शिकवते. तरी विसरले.

तिसऱ्या भेटीत म्हटलं, "हर्पीस असं मोठ्यानं म्हण बघू."

तिनं आधी दाराकडे पाहिलं, मग ओठ हलवले. ऐकू काहीच आलं नाही.

"बरं, आता जर म्हण."

"जर? त्यात काय, तो आमच्या आजीलाही उठायचा."

हे मात्र खणखणीत आवाजात आलं. मी तिला तिथेच थांबवलं. एकाच पुळीची दोन नावं. एकाला घाम फुटतो, दुसरं आजीच्या पदराला पुसून टाकता येतं. हर्पीस हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ सरपटणं. आपला ‘सर्प’ही त्याच मुळातून आलेला. आपल्याकडे याच्या चुलत भावंडाला नागीण म्हणतात. (नागीण वेगळी बरं का, ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते.) रेवती पहिल्यांदा हसली. "म्हणजे ग्रीक लोकांचा जर?"

"तुला पहिल्यांदा कधी उठला, ते आईला विचारून ये."

पुढच्या आठवड्यात तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. गावच्या गणपतीतला फोटो. परकर-पोलक्यातली सहा वर्षांची रेवती, हातात मोदक आणि खालच्या ओठाच्या डाव्या कडेला तपकिरी खपली. आई म्हणाली होती, "अगं, चतुर्थीला दरवर्षी उठायचा तुला. आजीच्या ताटात जेवायचीस ना, ती चावून मऊ करून भरवायची." हा विषाणू कानाजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत दबा धरून बसतो; ताप, ऊन, जागरण, पाळी, ताण असं काही निमित्त झालं की त्याच वाटेनं खाली येतो. म्हणून जागाही बहुधा तीच.

तिनं मास्क काढून गुडघ्यावर ठेवला. "सहा वर्षांची होते मी."

एखादा नवखा समुपदेशक इथेच समाधान मानून थांबला असता. मी विचारलं, "आणि हा फोटो सापडलाच नसता तर?"

ती गप्प झाली, मीही. हे गप्प बसणं मला पंधरा वर्षांनी जमायला लागलंय. बाहेर कुणीतरी दोन मजले जिना चढून गेलं. मग ती सावकाश म्हणाली, "तर... मोदकाऐवजी चुंबन. विषाणू तोच."

नुसत्या निर्दोष सुटकेवर मी तिला घरी पाठवलं असतं, तर ज्यांच्याकडे असा फोटो नाही त्या सगळ्या मुली गुन्हेगारच राहिल्या असत्या.

बाकीचं काम सोपं होतं. ते तिला त्वचारोगतज्ज्ञांनी समजावलं आणि मी तिच्याकडून वदवून घेतलं. ओठाला मुंग्या आल्यासारखं, चुरचुरल्यासारखं वाटलं की तीच वेळ. अ‍ॅसायक्लोव्हिरचं 5 टक्क्यांचं मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानं तेव्हाच सुरू करायचं, दिवसातून पाच वेळा. त्यानं फार तर एखादा दिवस वाचतो, चमत्कार होत नाही. वारंवार उठत असेल तर गोळ्या असतात, त्याही डॉक्टरांनाच विचारून. गार पाण्याच्या फडक्यानं शेकायचं, खपली तडकू नये म्हणून पेट्रोलियम जेली लावायची, तिखट-आंबट चार दिवस बंद. खपली खुडायची नाही. हात लागलाच तर साबणानं धुवायचा आणि डोळ्याला तर मुळीच लावायचा नाही. साधारण सात ते दहा दिवसांत आपोआप जातं. दोन आठवडे उलटले, डोळा लाल होऊन दुखू लागला किंवा प्रतिकारशक्ती आधीच कमी असेल, तर घरगुती उपाय बंद, थेट डॉक्टर. लोकलच्या दारात उन्हात उभं राहणाऱ्यांनी सनस्क्रीनवालं लिप बाम ठेवावं. चुना, लिंबू, टूथपेस्ट यांना स्वयंपाकघरात आणि बाथरूममध्ये जागा आहे, तिथेच राहू द्यावं.

पुळी असेपर्यंत चुंबन नाही, मुखमैथुन नाही (तेवढ्यानं तो जननेंद्रियांवरही जाऊ शकतो), उष्टा कप, टॉवेल, लिपस्टिक वेगळी. पुळी नसतानाही विषाणू कधीकधी दुसऱ्याकडे जातो, म्हणून होणाऱ्या नवऱ्याला सांगायला हवं. रेवतीनं शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून सांगितलं. त्यानं लगेच मिठी वगैरे मारली नाही. दोन दिवस गप्प होता, मग डॉक्टरांचा नंबर मागितला आणि एकटाच जाऊन विचारून आला. मला तो मुलगा तेव्हाच आवडला.

हळदीच्या आदल्या रात्री फोन आला. मागे पाट्या-वरवंट्याचा आवाज आणि बायकांचा गलका. "मॅडम, चुरचुरतंय. मलम लावलंय." एवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली. मामेबहिणीचं वीस दिवसांचं बाळ आलं होतं, मावशी म्हणत होत्या की नवरीनं पापा घ्यायलाच हवा. इतक्या कोवळ्या बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो, ते आम्ही बोललो होतो.

"मी सगळ्यांसमोर सांगितलं, मला हर्पीस उठतोय, मी घेणार नाही. मावशी रुसून बसल्यात," रेवती म्हणाली. "बसू देत. नारळ खवायचाय अजून, ठेवते."